सगळ्यांनीच 'पूर्ण सहमत' लिहिले, त्याचा अर्थ काय?

प्रश्न : मी यवतमाळ जिल्ह्यातील एका प्राथमिक आरोग्य केंद्रात पर्यवेक्षक आहे. मासिक सभेत आशाताई आणि आरोग्यसेविका यांच्याकडून कामाच्या प्रेरणेविषयीची प्रश्नावली भरून घेतली, तेव्हा जवळजवळ सर्वांनी प्रत्येक विधानापुढे 'पूर्ण सहमत' अशी खूण केली. गावांत फिरताना मात्र वेगळेच दिसते. आमचे काय चुकले?

उत्तर : प्रश्नावली मासिक सभेत, म्हणजे ज्यांच्या सहीने मोबदल्याची बिले पुढे सरकतात त्यांच्यादेखत भरली गेली. 'मला माझ्या कामाचा अभिमान वाटतो' यापुढे 'असहमत' लिहिण्याची हिंमत तिथे कोण करील? तुमच्या हाती आली आहे ती त्यांची भीड.

भाषेचाही प्रश्न आहे. 'मी कामासाठी प्रेरित आहे' असे आपल्याकडे कोणी बोलत नाही. 'सकाळी उपकेंद्रावर जायचे म्हटले की जिवावर येते' असे उलट्या अर्थाचे विधान मध्येच आले, तर सरसकट खुणा करत जाणारा हात थांबतो. केनियातील जिल्हा रुग्णालयांसाठी २००९ साली प्रसिद्ध झालेली प्रश्नावली २३ विधानांवरून १० वर आणली गेली. मोजकी, पारखून घेतलेली विधाने पुरतात.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे इच्छा आणि ऐपत यांची गल्लत करू नका. संस्थेच्या उद्दिष्टांसाठी कष्ट घेण्याची आणि ते टिकवून धरण्याची तयारी, अशी प्रेरणेची व्याख्या या विषयाचे अभ्यासक करतात. ज्या आशाताईच्या पिशवीतला वजनकाटा महिनाभर बंद आहे, तिच्या वहीतला वजनाचा रकाना कोरा दिसला म्हणून तिला उमेद नाही असे ठरवणे अन्यायाचे आहे. उलट, भरलेली वहीही पुरेसा पुरावा नव्हे. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या घरी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी भेट द्यायची असते आणि त्याचा मोबदला ठरलेला असतो. पण बाळ दूध ओढत नाही म्हणून जी पाचव्या दिवशीही, एक रुपया मिळणार नसताना, पुन्हा त्या घरी जाते, तिची नोंद कोणत्याच रकान्यात होत नाही. अशा भेटींविषयी बाळंतिणींना आणि घरच्यांना जरूर विचारा.

प्रश्नावली पुन्हा घ्याल तेव्हा ती तुमच्या केंद्राशी संबंध नसलेल्या व्यक्तीकडून भरून घ्या. नाव, गाव, उपकेंद्र काहीही विचारू नका आणि केवळ खुणा करायला सांगा, कारण दहा-बारा जणींत अक्षरावरूनही माणूस ओळखू येते.