अभिप्रायाचे फॉर्म वाचायला शिकवताना

विद्यार्थ्यांनी शिकवण्याबद्दल दिलेले अभिप्राय कसे वाचायचे, यावर वडोदऱ्यात तू प्राध्यापकांची पहिलीच कार्यशाळा घेते आहेस, म्हणून सांगते. सरासरीपासून सुरुवात करू नकोस. पाचपैकी ३.५ म्हणजे सगळे बऱ्यापैकी खूश, असं नाही. अर्ध्यांनी ५ आणि अर्ध्यांनी २ दिले तरी आकडा तोच येतो. आधी वर्गातल्या ६० जणांपैकी कितींनी फॉर्म भरला, ते पाहायला लाव.

मग लेखी शेरे. आपल्याकडची मुलं गुजरातीत लिहितात, 'सर बहु झडपथी भणावे छे', म्हणजे सर फार भरभर शिकवतात. असं वाचलं की माणूस दुखावतो. पहिल्या वर्षी मला रात्रभर झोप लागली नव्हती गं. म्हणून शेरे एकट्याने वाचायला देऊ नकोस. जोड्या कर, सहकाऱ्याने मोठ्याने वाचावं आणि एकच तक्रार किती जणांची आहे ते मोजावं. त्यातून एकच बदल ठरवायचा, समजा, तासाची शेवटची पाच मिनिटं शंकांसाठी.

कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅक या संस्थेचं विद्यार्थी समाधान सर्वेक्षण असतंच, पण त्यावर विसंबू नकोस. सत्र संपल्यावर आलेल्या अभिप्रायाचा त्या मुलांना काय उपयोग? सत्राच्या मध्यावर दोनच प्रश्न विचारायला सांग: काय चालू ठेवू, काय बदलू? आणि काय बदललं ते पुढच्याच तासाला वर्गात सांगायचं. ते राहिलं, तर पुढच्या वेळी मुलं मनापासून लिहीत नाहीत.