थिंक टँकमध्ये, म्हणजे धोरणांचा अभ्यास करणाऱ्या संस्थेत, सुरक्षा आणि गुप्तवार्ता या विषयांवर काम करणारे नेमकं काय करतात? ती हेरगिरीच असते का?

हेरगिरी नाही. रावेर तालुक्यातल्या माझ्या गावात मात्र निम्म्या लोकांना मी 'रॉ'मध्येच आहे असं वाटतं, आणि मी नाही म्हटलं की त्यांची खात्री आणखी पक्की होते.

तुम्ही धुळ्याहून विचारलंय की राज्यशास्त्रात एम.ए. करून दिल्लीत या कामाला लागलं तर गुप्त कागद हाताळायला मिळतात का. नाही मिळत. आमच्या टेबलावर येतं ते सगळं उघड: संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीचे अहवाल, निविदा, सिप्री या स्वीडनमधल्या संशोधन संस्थेची शस्त्रव्यवहारांची आकडेवारी, विकत मिळणारी उपग्रहचित्रं. पण त्यातूनही बरंच निघतं. २०२१ मध्ये अमेरिकेत माँटेरे इथल्या मिडलबरी संस्थेच्या संशोधकांनी अशाच चित्रांवरून चीनच्या गान्सू प्रांतात, युमेनजवळच्या वाळवंटात, क्षेपणास्त्रांसाठीच्या सुमारे १२० सायलोंचं, म्हणजे ती जमिनीखाली उभी ठेवायच्या खड्ड्यांचं, बांधकाम शोधून काढलं. खड्ड्यांवर घातलेले एकसारखे घुमट हीच ओळखीची खूण ठरली.

रोजचं काम इतकं चमकदार नसतं. जून २०२५ मध्ये इस्रायल-इराण युद्ध पेटलं तेव्हा गावाकडच्या एका केळी निर्यातदार काकांचा फोन आला, "का रे भाऊ, होर्मुझ बंद होईल का? माझे रीफर कंटेनर वाटेत आहेत." रीफर म्हणजे थंडगार ठेवणारे कंटेनर, आणि होर्मुझ म्हणजे इराणच्या आखातातून बाहेर पडायची अरुंद सामुद्रधुनी. दुबईचं जेबेल अली बंदर त्या सामुद्रधुनीच्या आत आहे, त्यामुळे प्रश्न एकदम मुद्द्याचा. टीव्हीवर तोवर तिसरं महायुद्ध सुरू झालेलं. मी जहाजांचे एआयएस सिग्नल, म्हणजे जहाजं स्वतःची जागा कळवतात ते, उघडले, तर काही जहाजं नकाशावर चक्क जमिनीवर उभी! त्या भागात जीपीएसमध्ये गडबड केली जात होती, म्हणजे एरवीचा भरवशाचा स्रोतही जपूनच घ्यायचा. मग उलट बाजूने पाहिलं. इराणचं स्वतःचं तेल मुख्यतः आखातातल्या त्याच्या खार्ग बेटावरून निघून याच वाटेने बाहेर पडतं, आणि त्याचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक चीन. इराणच्या संसदेने होर्मुझ बंद करायचा ठराव केला तरी ही वाट अडवणं म्हणजे आपल्याच गल्ल्याला कुलूप लावणं. काकांना सांगितलं, पूर्ण बंद होण्याची शक्यता कमी वाटते, विमा आणि भाडं मात्र चढेल. पण हा अंदाज आहे, हमी नाही.

"ते ठीक, पण माल भरू का नको?"

मंत्रालयातले अधिकारीही शेवटी हेच विचारतात, फक्त इंग्रजीत.

आणखी एक, संस्थेचा पैसा कुठून येतो ते आधी बघा. १९६५ मध्ये स्थापन झालेली आयडीएसए ही संरक्षणविषयक अभ्यास करणारी दिल्लीतली संस्था, म्हणजे आताची मनोहर पर्रीकर संस्था, संरक्षण मंत्रालयाच्या पैशावर चालते. काही संस्थांमागे उद्योगसमूह आहेत. त्याचा संशोधनाशी काही संबंध नसतो असं कुणी सांगितलं तर मान डोलवा आणि वार्षिक अहवाल वाचा.

अर्ज करायचा असेल तर चिनी किंवा फारसी शिकायला आत्ताच लागा. ती येणारी माणसं कमी आहेत. आणि सोबत एम.ए.चा जाडजूड प्रबंध जोडू नका, कुणी उघडत नाही. दोन पानांचं टिपण पुरे, पण प्रत्येक दाव्यापुढे तुम्हाला त्याची कितपत खात्री आहे आणि का, ते लिहिलेलं असू द्या.