‘म्याडम, आमचं लेकरू आकडे काढायलंय’

लातूरात समुपदेशन करायचं म्हणलं की बहुतेक केसेस नीट-जेईईच्याच असतात. मोबाईल सुटत नाही, टेस्टमध्ये मार्क येईनात, रिपीट करावं का नको. पण अधूनमधून एक वेगळीच तक्रार घेऊन आईवडील येतात, पोरगं किंवा पोरगी गणितात इतकं घुसलंय की अभ्यासच करेना! त्यातही जे गणित परीक्षेला नाही ते, मूळ संख्या, भागाकाराचे नियम, कुठल्यातरी संख्येचे चमत्कार, म्हणजे ज्याला नंबर थिअरी म्हणतात ते. नादाला लागलंय, वेळ वाया घालवतंय, कसं सोडवायचं? हा प्रश्न बऱ्याच जणांना पडतो म्हणून एक केस सांगते. नावगाव देत नाही, ओळख पटेल अशा दोनचार गोष्टी बदलल्यात आणि घरच्यांना विचारूनच लिहितेय.

पोरगा अकरावीचा. वडील तालुक्याच्या मोंढ्यात आडत दुकानावर मुनीम, आई घरी शिवणकाम करते. दहावीला चांगले मार्क पडले तसं लातूरला आणला, हॉस्टेल लावलं, क्लास लावला, फीसाठी सोसायटीचं कर्ज काढलं, ही सगळी कहाणी आपल्याकडं घरोघरी तीच आहे. एक दिवस दोघं नवराबायको पोराला बाहेर बाकड्यावर बसवून आत आले आणि वडिलांनी पिशवीतून बायोलॉजीची वही काढून टेबलावर ठेवली. पुढून पेशीचं चित्र, मायटोकॉन्ड्रिया, सगळं नीटनेटकं. मागून उघडली की नुसते चार आकडी नंबर, त्याखाली वजाबाकी, त्याखाली परत वजाबाकी आणि प्रत्येक वेळी शेवटी एकच नंबर, 6174, लाल पेनानं गोल केलेला.

“म्याडम, लेकरू आकडे काढायलंय,” वडील म्हणले.

मला आधी लक्षातच आलं नाही ते काय म्हणायलेत. मग आई रडायला लागली तेव्हा कळलं की दोघांना मटक्याचा संशय आलाय. ओपन-क्लोजचं कायतरी असणार, हॉस्टेलातल्या पोरांनी नादी लावलं असणार, रोज तोच नंबर यायलाय म्हणजे कुणीतरी ‘फिक्स’ सांगितला असणार. रेक्टरनी पण फोन केलेला की पोरगा रात्री दोन-दोन वाजेपर्यंत लाईट लावून कायतरी लिहीत बसतो आणि सकाळी क्लासला पेंगतो. मी विचारलं, पैसे कमी पडायलेत का, उधारी, कुणाचे फोन? तसलं काहीच नव्हतं. मग मला हसू आवरेना, पण आईसमोर हसायचं तरी कसं.

कारण 6174 हा नंबर आपल्याच माणसाचा आहे. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, जन्म 1905, डहाणूचे, शिकले फर्ग्युसनला आणि पुढं आयुष्यभर नाशिकजवळ देवळालीत शाळामास्तर. चारी आकडे सारखे नसलेल्या कोणत्याही चार आकडी नंबरचे आकडे उलटसुलट लावून वजा करत गेलं की शेवटी 6174 च येतं, हे त्यांनी 1949 मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत मांडलं, तेव्हा कुणी फार मनावर घेतलं नाही, 1975 ला अमेरिकेतल्या एका मोठ्या विज्ञान मासिकात त्यांच्यावर लिहून आलं आणि मग जगाला नाव कळलं. आज ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणून जगभर ओळखतात आणि इथं आपण त्याला मटका समजायलोत!

पोराशी आधी एकट्याशी बोलले. पहिली काही मिनिटं मान खाली, “हो मॅडम, नाही मॅडम.” मग मी वहीचं मागचं पान उघडून नुसतं विचारलं की हे प्रत्येक वेळी इथंच का येतंय, आणि तिथून जे सुरू झालं ते थांबेना. त्यानं मला अजून एक दाखवलं. कोणतीही संख्या घ्या, सम असेल तर निम्मी करा, विषम असेल तर तिप्पट करून एक मिळवा, असं करत रहा, शेवटी 1 येतो. आतापर्यंत तपासलेल्या प्रत्येक संख्येचं असंच झालंय पण सगळ्यांचं होतंच हे आजवर कुणाला सिद्ध करता आलेलं नाही. याला कोलाट्झचा प्रश्न म्हणतात, 1937 पासून पडून आहे. पोरगा म्हणला, “मॅडम, 26 घेतलं तर 10 पायऱ्यांत संपतं, मग मी म्हणलं 27 घेऊ, शेजारचंच तर आहे.” आणि 27 ला लागतात 111 पायऱ्या, मधे ते 9232 पर्यंत वर जाऊन येतं. ते त्यानं हातानं केलं होतं, कॅल्क्युलेटर न घेता, रात्रीतून, एका ठिकाणी गुणाकार चुकला म्हणून परत पहिल्यापासून. सांगताना पोराचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मी कितीतरी पोरांना ‘तुला काय आवडतं’ विचारते, नव्वद टक्के पोरं खांदे उडवतात हो.

मग आईवडिलांना आत बोलावलं आणि पोराला म्हणलं, तुझ्या पप्पांना करून दाखव. वडिलांना म्हणलं, दादा, तुम्हीच एक चार आकडी नंबर सांगा, फक्त चारी आकडे सारखे नकोत. मुनीम माणूस, डोक्यात भाव असणारच. म्हणले, “4265. सोयाबीन.”

पोरगा सांगायला लागला. यातल्या आकड्यांची सगळ्यात मोठी संख्या करायची, सगळ्यात लहान करायची आणि वजा करायची. 6542 मधून 2456. पोरानं पेन उचलायच्या आत वडील म्हणले 4086. मग 8640 मधून 0468, आलं 8172. मग 7443. मग 3996. वडिलांनी खिशातली मालाच्या हिशोबाची पट्टी काढून तिच्या पाठीवर लिहायला सुरुवात केली, पोरगा मोठी-लहान संख्या सांगायचा आणि वजाबाकी बाप करायचा. 6264. 4176. मग 7641 वजा 1467 आणि आलं 6174. सातव्या पायरीला. पोरगा म्हणला, पप्पा, सातच्या वर कधीच जात नाही, तुम्ही लागलं तर दुसरा नंबर घ्या. वडिलांनी घेतला. परत तेच. पुढं एकदा 6174 आलं की परत 6174 च येत राहतं हे पण त्यांनी स्वतःच करून बघितलं.

आणि मग ते एकदम म्हणले, “ह्यातली सगळी उत्तरं नवाच्या पाढ्यातली हायेत की.”

पोरगा बघतच राहिला. कारण ह्याच्या मागं जे कारण आहे त्यातली पहिली पायरी तीच आहे, तेच आकडे उलटसुलट करून वजा केले की बाकीला 9 नं भाग जातोच, आणि पोराला हे शोधायला बरेच दिवस लागले होते. वडील म्हणले, आमच्याकडं रोजमेळ जुळला नाही आणि फरक नवाच्या पाढ्यात आला की समजायचं कुठंतरी आकडे उलटे पडलेत, 54 च्या जागी 45 लिहिलंय, तेच आधी हुडकायचं. सगळे जुने मुनीम असंच करतात. खरंच तसं असतं, हिशोबवाल्या कुणालाही विचारा. पोराला आपला बाप हे जाणतो हे माहीत नव्हतं आणि बापाला आपलं काम म्हणजे गणितातली एक सिद्ध करता येणारी गोष्ट आहे हे माहीत नव्हतं. माझ्या खोलीत पुढची वीस मिनिटं मी कुणालाच नको होते.

इथं केस संपली असं वाटेल पण नाही, कारण मार्क खरंच घसरले होते आणि झोप खरंच उडाली होती. आईचा मुद्दा बरोबर होता, “ते सगळं खरं म्याडम, पण केमिस्ट्रीत 180 पैकी तीसच पडलेत त्याचं काय?”

मग एक साधं काम केलं. पोरगा वडिलांसारखाच प्रत्येक पानावर तारीख टाकतो आणि क्लासचे टेस्टचे मार्क वडिलांच्या मोबाईलवर मेसेजनं येतात. दोन्ही शेजारी ठेवले. तर दिसलं काय, मार्क आधी पडलेत, आकड्यांची पानं नंतर वाढलीत. मधे काय झालं विचारलं तर आई म्हणली ऑगस्टमध्ये कावीळ झाली होती, घरी आणलेला. परत गेला तोवर मोल कन्सेप्ट उरकलेला. अकरावीच्या केमिस्ट्रीत मोल कन्सेप्ट सुटला म्हणजे पुढचं सगळं हवेत, आणि शंभरच्यावर पोरांच्या बॅचमध्ये हात वर करून ‘सर मला हे पहिल्यापासून सांगा’ कोण म्हणणार? मार्क पडले, बॅच खाली गेली, भिंतीवर रँकची यादी लागली. दिवसभर काही कळेना आणि रात्री त्या वहीत मात्र सगळं कळतं, मग पोरगा रात्र कुठं घालवणार?

म्हणून अशा आईवडिलांना मी पहिलं हेच सांगते की आवड आधी का अडचण आधी ते तारीखवार बघा. वही जप्त केली असती तर केमिस्ट्री सुधारली नसती, पोरानं मोबाईल धरला असता. तरी ह्यात पळवाट नव्हतीच असं मी म्हणणार नाही, थोडी होती आणि ते त्याला तोंडावर सांगितलं. काळजी कधी करायची तर पोरगं जेवण-झोप सोडत असेल, मित्र तोडत असेल, काय करतो ते कुणालाच सांगू शकत नसेल, विचारलं की चिडत असेल तेव्हा. ह्याची झोप उडाली होती खरी, पण हा पोरगा विचारायचा अवकाश, भडाभडा बोलत होता. त्याला ऐकणारं कुणी नव्हतं एवढंच.

मग केमिस्ट्रीसाठी क्लासमधल्याच एका ज्युनिअर सरांना गाठलं, त्यांनी मोल कन्सेप्ट पहिल्यापासून घेतला. आकड्यांची वेगळी वही केली, बायोलॉजीच्या मागं नाही, रविवारची टेस्ट झाली की दुपार त्या वहीची. रात्री अकराला लाईट बंद, त्यात सूट नाही. आणि महत्त्वाचं, गणित विषय सोडायचा नाही. नीटला गणित लागत नाही म्हणून बरेच क्लासवाले सांगतात फक्त पासिंगपुरतं करा, बरीच पोरं तर अकरावीलाच टाकून देतात. ह्यानं सुदैवानं चारही विषय ठेवले होते. बारावीला गणित नसेल तर इंजिनिअरिंगची बहुतेक दारं बंद, कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटसारख्या ठिकाणी बारावीनंतर गणित-संख्याशास्त्र शिकायचं दार पण बंद. सोळा-सतरा वर्षांच्या लेकराची ही दारं आपण का लावायची?

आईनं विचारलं, ह्याचा पुढं उपयोग काय? उत्तर द्यायला सोपं होतं, ऑनलाईन व्यवहार सुरक्षित ठेवायला जी कुलपं वापरतात त्यातलं आरएसए नावाचं एक कुलूप 1977 मध्ये मूळ संख्यांवरच बांधलं गेलं. पण मी ते सांगितलं नाही. उपयोग आहे म्हणून परवानगी दिली तर उद्या त्याला बिनउपयोगाचं काही आवडलं की परत भांडण.

वडिलांचं मात्र उलटं झालं. पुढच्या वेळी आले ते म्हणले, मग ऑलिंपियाडचा क्लास लावू का, रामानुजन होईल का? म्हणलं दादा, दम धरा. रामानुजन यांचं सगळे सांगतात पण कुंभकोणमच्या कॉलेजात गणितापुढं बाकीचे विषय सोडले म्हणून स्कॉलरशिप गेली हे कुणी सांगत नाही, आणि 32 व्या वर्षी माणूस गेला. मला कापरेकर जास्त आवडतात. शाळा केली, पोरं शिकवली आणि उरलेल्या वेळात आयुष्यभर संख्यांशी खेळले. ऑलिंपियाडची पहिली पायरी, आयओक्यूएम, आठवीपासूनच्या पोरांना देता येते. तीन तास, तीस प्रश्न आणि प्रत्येक उत्तर दोन आकड्यांच्या आतलं. जेईईच्या अभ्यासक्रमात नंबर थिअरी वेगळी नाही, पण इथं ती मुख्य चार भागांतली एक आहे. कॉलेजच्या गणिताच्या सरांनी जुने पेपर काढून दिले, म्हणले इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणी मागायला आलं. पोरगा पहिल्या पेपरात चांगलाच आपटला आणि तरी खूष होता, कारण पहिल्यांदाच न आलेल्या प्रश्नाची लाज वाटली नाही असं तो म्हणला.

आता तो बारावीत आहे. नीट पण देणार आहे आणि सीईटीचा पीसीएम ग्रुप पण, पुढं काय करायचं ते ठरलेलं नाही. केमिस्ट्री आता बरी म्हणण्यासारखी आहे, फार उड्या मारण्यासारखी नाही. झोपेच्या बाबतीत रेक्टरची तक्रार नाही, पण परवा आईचा फोन आला, “म्याडम, ह्याच्या रूममधली अजून दोन लेकरं वहीच्या मागं तेच करायलेत. त्यातल्या एकाची आई मला ईचारायली, पोरगं मटका खेळायलंय का म्हणून. तुमचा नंबर देऊ का तिला?”

म्हणलं, द्या, पण आधी तुम्हीच तिला एक चार आकडी नंबर विचारा.