पबमेडमध्ये गुळावरचे शोधनिबंध नेमके कसे शोधायचे?

कोल्हापुरी गुळातल्या लोहावर प्रकल्प करताय आणि पबमेडमध्ये (वैद्यकीय शोधनिबंध शोधायची ऑनलाइन सूची) नुसतं 'जॅगरी' टाकून फार थोडं हाती लागतंय, तर अडचण शब्दाची आहे. कोलंबियात गुळाला 'पनेला' म्हणतात, शास्त्रीय लेखनात 'नॉन-सेंट्रिफ्युगल शुगर'. आधी 'आयर्न', मग 'अँड', मग कंसात 'जॅगरी'सह ही तिन्ही नावं 'ऑर'ने जोडून टाका, अर्थात सगळं इंग्रजीत. शेवटचं नाव दुहेरी अवतरणात हवं.

कंस विसरू नका! पबमेड डावीकडून उजवीकडे वाचतं. कंस नसेल तर लोहाची अट फक्त 'जॅगरी'ला लागते आणि पनेलावरचं सगळंच येऊन पडतं. 'अँड', 'ऑर' कॅपिटल अक्षरांत लिहा. नको असलेला शब्द वगळणारं 'नॉट' मी तरी टाळतो, त्यात कामाचे निबंधही गळतात.