टोमितांसारखं व्हायचंय, तर आधी काय शिकावं?

प्रश्न : मुलगा बारावी कला शाखेत आहे. जपानी संगीतकार इसाओ टोमिता यांचं संगीत ऐकून त्याला इलेक्ट्रॉनिक संगीतातच करिअर करायचंय. पदवी नको, दीड लाखाचा मॉड्युलर सिंथेसायझर (सुटे भाग तारांनी जोडून आवाज घडवायचं इलेक्ट्रॉनिक वाद्य) घेऊन द्या म्हणतो. काय करावं?
— एक आई, सांगली

उत्तर : ताई, मुलाची आवड अस्सल आहे, पण टोमितांच्या आयुष्यातला क्रम त्याने उलटा धरलाय. 1932 साली जन्मलेले टोमिता 1955 मध्ये केइओ विद्यापीठातून पदवीधर झाले, तेही साहित्य शाखेतून. संगीत ते खासगी शिक्षकांकडे शिकले. पुढे पंधराएक वर्षं एनएचके या जपानी प्रसारणसंस्थेच्या मालिका आणि चित्रकथाकार ओसामू तेझुकांची 'जंगल एम्परर' ही ॲनिमेशन मालिका, अशांना संगीत दिलं. मुदतीत लिहून द्यायचं, वादकांकडून वाजवून घ्यायचं. त्यात वाद्यमेळावर हात बसला. मूग (Moog) कंपनीचा मॉड्युलर सिंथेसायझर त्यांच्याकडे आला तो 1971 मध्ये.

तो एका वेळी एकच सूर काढे. तापमान बदललं की सूर सरके. भाग जोडणाऱ्या विजेच्या तारांची जोडणी मोडली की आवाज गेला, साठवायची सोय नव्हती. म्हणून एकेक ओळ टेपवर घेऊन थरावर थर चढवायचे. फ्रेंच संगीतकार देब्यूसीच्या पियानोरचनांवरचा 1974 चा 'स्नोफ्लेक्स आर डान्सिंग' हा अल्बम असा तयार झाला. कुठली ओळ कुठल्या आवाजाला द्यायची ही जाण यंत्रात नव्हती, ती त्यांनी आधीच कमावली होती.

त्यांच्या स्टुडिओत शिकलेले हिदेकी मात्सुताके पुढे यलो मॅजिक ऑर्केस्ट्रा या जपानी इलेक्ट्रॉनिक बँडसाठी सिंथेसायझर प्रोग्रॅमिंग, म्हणजे यंत्रावर आवाज लावून देण्याचं काम, करू लागले. संगीतकार न होताही या क्षेत्रात उभं राहता येतं, हे मुलाला जरूर सांगा.

दीड लाख सध्या राहू द्या. 'व्हीसीव्ही रॅक' हे सॉफ्टवेअर मोफत मिळतं. त्यात पडद्यावर तशाच तारा जोडायच्या असतात. बरोबर चांगला हेडफोन आणि 49 पट्ट्यांचा मिडी कीबोर्ड (संगणकाला जोडून सॉफ्टवेअरमधला आवाज वाजवायचा) पुरे. देब्यूसीच्या एखाद्या सोप्या रचनेची तालाची 16 मापं, म्हणजे बार, घ्यावीत (स्वरलेखन स्वामित्वहक्कातून मुक्त आहे, कुणाचं ध्वनिमुद्रण मात्र वापरू नये). प्रत्येक ओळीसाठी ऑसिलेटर (मूळ सूर काढणारा), फिल्टर (नको ते स्वरांश कापणारा), एन्व्हलप (आवाजाचा चढउतार ठरवणारा) स्वतः लावून आवाज घडवावा आणि जोडणी वहीत उतरवावी. नवशिके हमखास दोन ठिकाणी अडकतात: सगळ्या ओळींना भरमसाट रिव्हर्ब (घुमारा) देतात, आणि खर्जाच्या दोन-तीन ओळी एकाच स्वरकक्षेत कोंबतात. मग सगळं गढूळ ऐकू येतं. खर्ज एकाच ओळीकडे ठेवावा, बाकीच्यांचा फिल्टरने कापावा. मिश्रणाची कमाल पातळी उणे 6 डेसिबलच्या आसपास राहू द्यावी.

पदवी कुठल्याही विषयाची चालेल, पण सोबत हार्मनी (एकत्र वाजणाऱ्या सुरांचा मेळ) आणि स्वरलेखन शिकवणारा शिक्षक हवाच. अशा तीन रचना पूर्ण झाल्या की वाद्याचा विषय पुन्हा काढा. तोवर कोणतं मॉड्यूल खरंच लागतं, हे त्यालाच सांगता येईल.