आजींची लुगडी आणि नातीची कात्री

प्रश्न: आमचं सासर बेळगावातलं शहापूर, माझं माहेर निपाणी. गेली बरीच वर्षं आम्ही मेलबर्नला आहोत. मुलगी इथल्या कला महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला आहे. कापड, जुने फोटो, कागदपत्रं आणि हातशिवण एकत्र करून ती मोठाली कामं करते. शेवटच्या प्रदर्शनासाठी तिनं आमच्या घराण्याच्या स्थलांतराचा विषय घेतलाय. त्यासाठी तिला सासूबाईंची लुगडी हवी आहेत, आणि ती कापायची आहेत. सासूबाईंचा जन्मही शहापुरातलाच, १९४० चा. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. त्यांची पेटी मोठ्या जाऊबाईंकडे आहे. हे ऐकल्यापासून जाऊबाई माझ्याशी धड बोलत नाहीत. "त्यांच्या वस्त्राला कात्री लावायला त्या काय चिंध्या आहेत?" एवढंच म्हणाल्या. कोल्हापूरच्या नणंदबाई काही बोललेल्या नाहीत. त्यात मुलगी कामावर मराठीबरोबर कन्नड अक्षरंही भरणार म्हणते. सासरे सीमाप्रश्नाच्या सत्याग्रहात तुरुंगात जाऊन आलेले. दिरांना कळलं तर काय होईल? मुलीला आवरू, की घरच्यांना समजावू?

उत्तर: ताई, यातलं काहीच लगेच करू नका. आधी कोल्हापूरला फोन लावा. नणंदबाई काही बोलल्या नाहीत, असं तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात. मला मात्र त्यांचंच गप्प राहणं जास्त खुपलं. आईच्या लुगड्यांवर पहिला शब्द लेकीचा असतो. त्यांना कुणी विचारलं होतं का? विचारलं नसेल, तर त्या काय बोलणार? हा फोन मुलीनं स्वतः करावा. आणि तो परवानगी मागायला नसावा. "आत्या, आजीच्या कुठल्या लुगड्याची तुला आठवण आहे, सांग ना" असा असावा.

जाऊबाईंचा राग कात्रीवर असेल असं मला वाटत नाही. आपल्या भागात जुन्या लुगड्याला कात्री लावणं नवं नाही. विरलेली लुगडी फाडून, थरावर थर घालून, चारी कडांनी धावदोरा घालत आत आत जायचं, अशा वाकळा घरोघरी शिवल्या गेल्या. कन्नड घरांत तिलाच कौदी म्हणतात. खानापूरच्या पलीकडे, हल्याळच्या बाजूला सिद्दी समाजाच्या बायका जुन्या कपड्यांच्या कवंदी शिवतात आणि चारी कोपऱ्यांना घड्या घातलेल्या कापडाची फुलं लावतात. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून या किनाऱ्यावर आणले गेले. मुलीचा विषय स्थलांतर असेल, तर हे काम तिनं जरूर पाहावं. आपल्या गावापासून ते फार लांब नाही, आणि आपल्यापैकी बहुतेकांना त्याची माहितीही नसते.

सांगायचं एवढंच, की वाकळीसाठी लुगडं कापलं तरी ते घरातच राहायचं. बाळंतिणीच्या अंथरुणात जायचं, नातवाच्या अंगावर यायचं. तुमच्या जाऊबाईंना दिसतंय ते असं की पेटी उघडणार, लुगडी विमानानं जाणार आणि परक्या गावातल्या भिंतीवर टांगली जाणार. सासूबाईंच्या शेवटच्या आजारपणात उशाशी कोण होतं, हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण पेटी कुणाकडे आहे यावरून अंदाज येतो. ज्यांनी ती सांभाळली, त्यांच्या हातून ती कुणीतरी न विचारता उचलून नेतंय, हे दुखणं आहे. म्हणून मुलीला सांगा: त्याच कापडातून एक वाकळ शहापूरच्या घरासाठी शिवायची. प्रदर्शनाच्या कामाइतकीच मन लावून, आणि आधी तीच पूर्ण करायची. जमलं तर सुट्टीत तिथं जाऊन जाऊबाईंबरोबर बसून शिवू दे. टाका कसा घालतात हे तिला त्यांच्याकडून शिकायला मिळेल, आणि महाविद्यालयात ते शिकवणारं कुणी नसेल.

आता विषयाकडे. तुमच्या मुलीला घराण्याचं स्थलांतर म्हणजे शहापूर ते मेलबर्न एवढंच ठाऊक असावं, असं पत्रावरून वाटतं. पण तिच्या आजीचं आयुष्य बघा. त्या जन्मल्या तेव्हा शहापूर सांगली संस्थानात होतं. १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं आणि त्या मुंबई प्रांतात आल्या. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचना झाली आणि बेळगावबरोबर म्हैसूर राज्यात गेल्या. त्याच जिल्ह्यातला चंदगड तालुका मात्र कोल्हापूरला जोडला गेला, त्यामुळे कित्येक घरांत सासर एका राज्यात आणि माहेर दुसऱ्या राज्यात झालं. १९७३ मध्ये म्हैसूरचं कर्नाटक झालं. २०१४ मध्ये बेळगावचं अधिकृत नाव बेळगावी झालं. त्या बाईनं गाव सोडलं नाही, आणि तरी राज्य एवढ्या वेळा बदललं. मुलीला घरातले जुने कागद मागायला सांगा: शाळेचा दाखला, रेशनकार्ड, घराचा उतारा, पाकिटावरचे पत्ते. एकाच घराच्या पत्त्यात राज्याचं नाव आणि लिपी कशी बदलत गेली, हे त्यांत सापडेल. तिच्या कामासाठी यापेक्षा बोलकं साहित्य मला सुचत नाही.

कन्नड अक्षरांबद्दल तुम्हाला भीती वाटते, ती मी हलकी मानत नाही. १७ जानेवारीला सीमालढ्यातल्या हुतात्म्यांना अभिवादन आणि १ नोव्हेंबरला काळा दिन पाळणाऱ्या घरात ही अक्षरं सहज घेतली जाणार नाहीत. मराठी शाळा, मराठी कागद, मराठी पाटी यांसाठी माणसं तुरुंगात गेली, गोळ्या झेलल्या. २००४ पासून महाराष्ट्राचा सीमाप्रश्नाचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. मुलीला हे सगळं माहीत असलंच पाहिजे. तिला ते दिरांनीच सांगू दे. फोनवर, सावकाश, आजोबांच्या तुरुंगवासासकट. आजोबांची गोष्ट कामात आली नाही, तर ते काम अर्धं राहील, हे तिला मी ठामपणे सांगेन.

पण तितक्याच ठामपणे दिरांना विचारेन, की आई शेजारणीशी कुठल्या भाषेत बोलायच्या? बाजारात भाव कुठल्या भाषेत करायच्या? शहापूर, वडगाव, खासबागच्या विणकर गल्ल्यांतून मराठी आणि कन्नड एकाच ओट्यावर बसते. मुलीला आजीच्या तोंडून दोन्ही ऐकल्याचं आठवत असेल, तर ते खोडायला सांगण्याचा हक्क ना तुम्हाला, ना मला. भाषेच्या हक्कासाठी लढणं आणि शेजारणीची भाषा बोलणं एकाच घरात, एकाच जोडप्यात नांदलं आहे. फक्त एक अट तिला घाला. कन्नड अक्षरं नक्षी म्हणून नकोत. आजी खरोखर म्हणायची ते शब्द असावेत, आणि कन्नड वाचणाऱ्या माणसानं ते तपासलेले असावेत.

कापडाचं बोलू. पेटीतलं सगळं कापण्याजोगं नसतं. लग्नातलं, डोहाळजेवणातलं आणि नणंदबाई ज्याचं नाव घेतील ते बाजूला ठेवा. विरलेली, भोकं पडलेली सुती लुगडी खुशाल वापरा. इरकल असेल तर मुलीला पदराचा सांधा भिंगातून पाहायला सांगा. अंगाचा ताणा वेगळा, तांबड्या टोपपदराचा रेशमी ताणा वेगळा, आणि दोन्ही मागावरच फासे अडकवून जोडलेले असतात. तो सांधा कापू नये, अख्खा ठेवावा. कापलेल्या खणाचे तुकडे चोळ्यांतून उरले असतील. गुळेदगुड्ड्याचा खण अरुंद असतो, छोट्या कामाला बरा पडतो.

धुण्याआधी काठाच्या कोपऱ्यावर ओला पांढरा सुती तुकडा दाबून बघा. रंग उतरला तर पाण्यात घालू नका. घडीवर तडकणारं जुनं रेशीम तर धुऊही नये आणि ताणूही नये. नव्या मऊ सुती कापडावर हलक्या टाक्यांनी धरावं. डिंक, चिकटपट्टी, इस्त्रीनं चिकटणारं अस्तर नको. ते पुन्हा निघत नाही.

आणि न कापताही काम होतं. कोरियातले कलाकार दो हो सू यांनी सोलमधलं आपलं लहानपणीचं घर मापं घेऊन पातळ रेशमी कापडात शिवलं, घडी करून कुठंही नेता येईल असं. तुमची मुलगी लुगड्याचा किंवा दाखल्याचा फोटो नव्या सुती कापडावर सायनोटाइपनं उतरवू शकते. दोन लोहक्षारांचं मिश्रण कापडाला लावून अंधारात वाळवायचं, वर निगेटिव्ह ठेवून उन्हात धरायचं, मग साध्या पाण्यात धुवायचं, की निळी प्रतिमा उमटते. मेलबर्नच्या उन्हात ते छान होईल. नंतर सोड्याच्या साबणात धुऊ नये, निळा फिका पडतो.

नेण्याबद्दल दोन गोष्टी. लुगड्यांच्या घड्यांत कडुनिंबाचा पाला, वेखंड, सुकलेली फुलं असतात. ती शहापूरलाच झटकून काढा. ऑस्ट्रेलियात वनस्पतीचं काहीही असेल तर विमानतळावर जाहीर करावं लागतं. दुसरं, पेटीत पणजीचा शंभर वर्षांहून जुना शालू असेल, तर तो पुरावस्तू ठरू शकतो आणि १९७२ च्या पुरावस्तूंच्या कायद्यानुसार खासगी व्यक्तीला तो देशाबाहेर नेता येत नाही. असं काही सापडलं तर ते जाऊबाईंकडेच राहू द्या आणि त्याचे फोटो काढा.

प्रत्येक लुगडं बाहेर काढताना व्हिडिओ कॉल चालू ठेवा. जाऊबाई कापड हातात घेऊन बोलतील, नणंदबाई तिकडून दुरुस्त करतील, दोघींचं जमणार नाही. ते सगळं रेकॉर्ड होऊ द्या. "करूलाले, बोलूलाले" असं बेळगावी जसं येईल तसं येऊ द्या, मुलीला शुद्ध करायला लावू नका. प्रदर्शनात कामाशेजारी जी पाटी लागेल, तिच्यावर पेटी सांभाळणाऱ्या म्हणून जाऊबाईंचं नाव असावं, आणि मजकूर छापायला देण्याआधी तो दोघींना वाचून दाखवावा. कुठलं लुगडं कधीचं, कुणी आणलेलं, यातली चूक त्यांच्याच लक्षात येईल.