कमी खर्चाच्या भयपटाने निराशा केली असेल तर

कमी खर्चाचा भयपट तुम्ही पहिल्यांदाच पाहिला आणि त्याने तुमची घोर निराशा केली असेल, तर त्याचे वाईट वाटते. मात्र त्यावरून कमी खर्चाच्या सगळ्याच भयपटांना मोडीत काढू नका. दिग्दर्शक जॉर्ज रोमेरो यांचा १९६८ चा ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ सुमारे १ लाख १४ हजार डॉलरमध्ये, कृष्णधवल फिल्मवर तयार झाला आणि आजही तो अंगावर काटा आणतो.

तेव्हा खोटे रक्त किंवा ढोबळ मुखवटा पाहून लगेच निकाल देण्याची चूक टाळा. खरी कसोटी आवाजाची असते. संवाद पोकळ ऐकू येत असतील, शांततेला जागाच नसेल आणि प्रेक्षकाला दर वेळी केवळ कर्कश संगीताने दचकवले जात असेल, तर दिग्दर्शकाला भीती हळूहळू साठवता आलेली नाही, असे खुशाल समजा. हा दोष पैशाचा नसून संयमाचा आहे.

पोस्टरवरही विसंबू नका, आधी ट्रेलर पाहा. वीस मिनिटांत एकाही पात्राची काळजी वाटली नाही, तर चित्रपट निःसंकोच बंद करा. भयपटांचे उपप्रकार आणि त्यांच्या दिग्दर्शकांच्या याद्या नंतर पाहता येतील. सध्या रोमेरो यांचा तो चित्रपट रात्री, दिवे मालवून पाहा.